ओढ्यातली शाळा: शिक्षकांच्या कार्यशाळेचा माझा अनुभव

पर्यावरण शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी भीमाशंकरजवळच्या एका गावात दर हिवाळ्यात शनिवार-रविवारची निवासी कार्यशाळा भरते. अर्जात पदव्यांची चौकशी नव्हतीच. 'तुमच्या शाळेपासून पाचशे मीटरच्या आत काय काय जिवंत आहे?' हा एकच मोठा प्रश्न होता, आणि तो लिहिता लिहिता घाम फुटला. मुख्याध्यापकांचं पत्र त्यामानाने लवकर मिळालं. बदली रजा मिळणार नाही, हेही त्याच वेळी कळलं.

1991 साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय सक्तीचा करायला सांगितलं. आमच्याकडे अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' आहे. पण झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतात, मुलं ते उतरवून काढतात आणि आम्ही सह्या करतो.

शनिवारी सकाळी थेट ओढ्यात उतरवलं. अभयारण्यात जाळी टाकता येत नाही, म्हणून ओढा हद्दीबाहेरचा. सामान म्हणजे चहाची गाळणी, पांढरी ताटली आणि भिंग. दगड उलटा केला की खालच्या बाजूला वाळूची इवलीशी नळी चिकटलेली दिसायची. ताटलीत ठेवून जरा थांबलं, की नळीच्या तोंडातून सहा पाय बाहेर येत आणि नळी चालू लागे. ही कॅडिसफ्लाय नावाच्या कीटकाची अळी. तोंडातून रेशीम काढून वाळूचे कण जोडते. शेजारी मेफ्लाय या दुसऱ्या कीटकाची तीन शेपट्यांची पिल्लं होती, पोटाच्या कडेचे कल्ले फडफडवत. पाण्यात प्राणवायू कमी झाला की हे बहुतेक सगळे नाहीसे होतात आणि लाल अळ्या तेवढ्या तग धरतात, कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं. रसायनांच्या बाटल्या न उघडता पाण्याची तब्येत कळते.

संध्याकाळचं धोरणांवरचं भाषण मात्र रटाळ होतं. निम्मे लोक डुलक्या काढत होते.

रविवारी खरी परीक्षा. गावातल्या मुलांसमोर पाठ घ्यायचा, पण शिक्षकाने फक्त प्रश्न विचारायचे, उत्तर द्यायचं नाही. माझ्या वाट्याला झाडावरचं शेकरूचं घरटं आलं. "आत कोण असेल?" असं विचारलं, तर एक मुलगी म्हणाली, "बाई, कुणी नसंल. त्याची चार-पाच घरटी असत्यात, आज कुठं झोपलंय काय ठाव!" बरोबरच होतं. पुढचा पाठ तिनेच घेतला. मी टाचण खिशात घातलं.

साठ मुलांचा वर्ग ओढ्यावर कसा न्यायचा, यावर कार्यशाळेत जेमतेम दहा मिनिटं बोलणं झालं. ते वाढवायला हवं, असं अभिप्रायात लिहून दिलंय. आमच्या शाळेजवळ ओढा नाही, नाला आहे, आणि त्यात मुलांना उतरवणं शक्य नाही. म्हणून हातमोजे घालून बादलीभर गाळ मीच वर्गात आणणार आहे. लाल अळ्या सापडतील, याची जवळजवळ खात्री आहे. ताटल्या आणून ठेवल्यात. पालकांच्या संमतीपत्राचा मसुदा मुख्याध्यापकांच्या टेबलावर आहे.