काळ्या आलेल्या दोन नळ्या

अलास्कातल्या तेलवाहिनीच्या खांबांची थर्मल कॅमेऱ्याने तपासणी कडाक्याच्या थंडीतच करायची असते. वारा पडलेला हवा, ऊनही नको. ऊन लागलं की बिघडलेली नळीसुद्धा उबदार दिसते आणि चित्र फसवतं. जिथे पाइप जमिनीच्या वरून जातो तिथे साधारण दर ६० फुटांवर खांबांची जोडी, असे एकूण सुमारे ७८,००० खांब. त्यांतल्या बहुतेकांत दोन-दोन बंद नळ्या उतरवलेल्या आहेत, आत अमोनिया. हवा जमिनीपेक्षा थंड झाली की तळाशी अमोनिया उकळतो, वाफ वर चढते, ॲल्युमिनियमच्या पात्यांपाशी थंड होऊन पुन्हा खाली उतरते. ना पंप, ना वीज. हिवाळाभर जमिनीतली उष्णता अशी उपसली जाते, म्हणून उन्हाळ्यातही पाया गोठलेलाच राहतो आणि खांब हलत नाही.

चालू नळी चित्रात टोकापर्यंत उजळ दिसते. एका उतारावर एका खांबाच्या दोन्ही नळ्या वरच्या बाजूला काळ्या आल्या. कारण ओळखीचं: आत हळूहळू हायड्रोजन तयार होतो, तो अमोनियासारखा द्रव होत नाही, वर साचतो आणि वाफेला पात्यांपर्यंत पोचू देत नाही. एकच नळी गेली असती तर नोंद करून पुढे गेलो असतो. पण इथे दोन्ही गेल्या होत्या, मातीत बर्फ भरपूर होता आणि खांब उताराच्या दिशेने कलला होता. आडव्या तुळईवर पाइपखालची आधाराची बैठक जिथे बसायला हवी तिथून सरकलेली स्पष्ट दिसत होती.

आणि नेमकं तिथेच सोबतचे एक वरिष्ठ म्हणाले, "पर्यावरणवाल्यांनी चार वर्षं घोडं अडवलं नसतं, तर ही लाइन निम्म्या पैशांत झाली असती."

हे वाक्य या धंद्यात सर्रास ऐकू येतं, आणि मला ते मुळीच पटत नाही. खर्च ९० कोटी डॉलरच्या अंदाजावरून ८०० कोटींवर गेला हे खरं. पण मूळ बेत काय होता? ४८ इंची पाइप बहुतांश जमिनीत पुरायचा, आत गरम तेल. १९७० साली अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या आर्थर लाखेनब्रुख यांनी हिशेब मांडला: ८० अंश सेल्सियसचा असा पाइप पर्माफ्रॉस्टमध्ये, म्हणजे बारमाही गोठलेल्या जमिनीत, पुरला तर काही वर्षांतच त्याच्याभोवती २० ते ३० फूट व्यासाची जमीन वितळेल. त्याच वर्षी वाइल्डरनेस सोसायटी, फ्रेंड्स ऑफ द अर्थ आणि एन्व्हायर्नमेंटल डिफेन्स फंड कोर्टात गेले आणि एप्रिलमध्ये मनाई हुकूम मिळाला. जपानहून आलेले पाइप लाइनच्या दक्षिण टोकाच्या व्हाल्डेझ बंदरात नुसते पडून राहिले. खांबांची रचना वादींनी काढून दिली नाही, ती इंजिनियरांचीच. पण पर्यावरणावरच्या परिणामांचा १९७२चा नऊ खंडांचा सरकारी अहवाल झाला तो त्या दाव्याच्या धाकामुळे. आठशे मैलांपैकी सुमारे ४२० मैल पाइप आज जमिनीच्या वर आहे, आणि कॅरिबू हरणांना जाण्यासाठी वाटाही आहेत. २००२ साली लाइन ओलांडते त्या डेनाली भ्रंशावर ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला, तरी पाइप फुटला नाही.

जिथे विरोधकांचं चाललं नाही तिथे काय झालं, हेही त्या वरिष्ठांना सांगितलं. व्हाल्डेझहून तेल नेणाऱ्या टँकरच्या धोक्यावरून जवळच्या कॉर्डोव्हा गावचे मच्छीमार कोर्टात गेले होते. नोव्हेंबर १९७३ च्या कायद्याने, तेलटंचाईच्या धामधुमीत, कोर्टाची ती वाटच बंद केली. २४ मार्च १९८९ ला एक्सॉन व्हाल्डेझ हे टँकर जहाज खडकावर चढलं आणि तेल सांडून नासधूस झाली ती त्याच मच्छीमारांच्या पाण्यात.

नळ्यांतला हायड्रोजन काढता येतो, ते काम लगेच मंजूर झालं. पण माझा आग्रह दुसऱ्याच गोष्टीसाठी होता. मूळ हिशेबात त्या काळचा हिवाळा धरला आहे, आणि ही यंत्रणा थंडीवरच चालते. हिवाळे सौम्य झाले तर धडधाकट नळीही कमी उष्णता उपसणार. म्हणून अख्ख्या उतारावर खांबांबाहेरही स्वतंत्र नळ्या रोवा आणि हिशेब अलीकडच्या तापमानावर पुन्हा करा, असं अहवालात लिहिलं. कललेल्या जोडीपुरत्या नळ्या मिळाल्या. बाकीचा उतार पुढच्या बजेटवर ढकलला आहे आणि नवा हिशेब करायला अजून कोणी माणूस नेमलेला नाही.