आजींचा खल आणि शुक्रवारचा आयोली

शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघरातून खलबत्त्याचा आवाज आला आणि मी अंथरुणातून उठून थेट तिकडेच गेले. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्स प्रांतात, आव्हिन्योंजवळच्या मायान नावाच्या खेड्यात, एका आजींच्या घरी आम्ही उतरलो होतो. आजी लसूण कुटत होत्या.

खल संगमरवरी, बत्ता लाकडी. प्रत्येक पाकळी उभी चिरून आतला हिरवा कोंब काढलेला, कारण तो राहिला की कडवटपणा उतरतो. माणशी दोन पाकळ्या आणि जाडं मीठ. आपला ठेचा जरा भरडच बरा लागतो, पण इथे लसणाचं वाटण अगदी चंदनाच्या गंधासारखं मऊ व्हावं लागतं. मग अंड्याचा पिवळा बलक आणि त्यावर ऑलिव्हचं तेल, थेंब थेंब. बत्ता थांबवायचा नाही.

थोड्या वेळाने आजींनी बत्ता माझ्या हातात दिला. दाट, पिवळसर लोण्यासारखं जमत आलेलं पाहून मी तेलाची धार वाढवली आणि सगळं फाटलं. तेल वेगळं, लसूण वेगळा. मला फार वाईट वाटलं. आजींनी शांतपणे दुसऱ्या भांड्यात नवा बलक घेतला आणि फाटलेलं मिश्रण चमचा चमचा त्यात घोटत गेल्या. पाच-सात मिनिटांत ते पुन्हा एकजीव झालं.

हाच आयोली. प्रोव्हान्साल भाषेत ‘आय’ म्हणजे लसूण, ‘ओली’ म्हणजे तेल. स्पेनच्या कॅटलोनियात जुन्या पद्धतीने करणारे अंडंही घालत नाहीत. नुसत्या लसणावर तेल धरून ठेवणं त्याहून कितीतरी अवघड. तयार मेयोनीजमध्ये लसूण ढवळून त्याला आयोली म्हणणं मला तरी आता जमणार नाही.

मायान हे कवी फ्रेदेरिक मिस्त्रालचं गाव. फ्रेंचपुढे मागे पडत चाललेल्या प्रोव्हान्सालसाठी तो आयुष्यभर झटला. 1904 साली त्याला साहित्याचं नोबेल विभागून मिळालं. त्याआधी 1891 मध्ये त्याने आपल्या भाषेत वृत्तपत्र काढलं होतं, त्याचं नाव ‘आयोली’! मातृभाषेच्या पत्राला चटणीचं नाव द्यावंसं वाटणारा माणूस मला एकदम जवळचा वाटला.

दोन दिवस आधी मार्सेयला याचीच तिखट बहीण भेटली होती, रुय. लसूण, लाल मिरची, केशर. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ गंज, आणि रंगही तसाच. बुयाबेस म्हणजे तिथलं माशांचं कालवण. त्याचा कढत रस्सा आधी येतो, पावाच्या कुरकुरीत चकत्यांना लसूण घासून, वर रुय माखून त्यात सोडायच्या. मासे मागून, वेगळ्या ताटात.

आयोलीचं ताट मात्र साधं. पाणी बदलत भिजवून खारटपणा काढलेला कॉड मासा, उकडलेले बटाटे, गाजर, फरसबी, बीट, अंडी. कॅथलिक रिवाजाने शुक्रवारी मांस वर्ज्य असे, म्हणून हा बेत त्या दिवसाचा. कशालाही फोडणी नाही, मसाला नाही. पहिल्या घासापर्यंत मला ते आजाऱ्याचं जेवण वाटत होतं. मग बटाट्यावर आयोली घेतला आणि नाकापर्यंत झणका गेला.

जेवणं उरकल्यावर आजींनी खल पुढ्यात ओढला, तळाला चिकटलेला आयोली पावाच्या तुकड्याने नीट पुसून घेतला आणि तो तुकडा माझ्यापुढे धरला. चटणी वाटून झाली की आई पाटा असाच भाकरीने पुसून घ्यायची.