पँथर्स हरले, पेढे वाटा

2024 च्या मार्चमधला शनिवार होता. गॅरेजमधलं मीठ झाडून काढत होतो. इथे हिवाळाभर रस्त्यावर टाकलेलं मीठ गाडीच्या चाकांबरोबर घरात येतं, तो एक वेगळाच वैताग. तेवढ्यात चिरंजीव दारात.

“बाबा, फील्ड्सला दिला.”

“कुणाला?”

“पिट्सबर्गला.”

“मग त्यांच्याकडून कोण आलं?”

“कोणीच नाही. पुढच्या वर्षीचा सहाव्या राऊंडचा पिक.”

अंगात त्याच फील्ड्सची जर्सी, पाठीवर मोठा 1. नाताळात घेतलेली, शंभर डॉलरच्या वर मोजून, आणि दोन वर्षं तरी पुरावी म्हणून एक माप मोठी. आपली सवय. बेअर्सवाले मात्र तीन वर्षांतच मोकळे झाले.

जस्टिन फील्ड्स हा तोवर शिकागो बेअर्सचा क्वार्टरबॅक होता, म्हणजे इकडच्या फुटबॉलमध्ये सगळा डाव ज्याच्या हातून सुरू होतो तो. 2021 साली त्याला मिळवायला बेअर्सनी आपले दोन वर्षांचे पहिल्या राऊंडचे पिक, म्हणजे कॉलेजातली पोरं निवडायचे नंबर, मोजले होते, चौथ्या-पाचव्या राऊंडची चिल्लर वेगळी. आता तो गेला एका सहाव्या राऊंडच्या पिकवर. तिकडे अर्ध्याहून जास्त खेळला तर तो पिक चौथ्या राऊंडचा होईल, अशी अट होती म्हणे. म्हणजे त्या दिवशी हातात काय आलं? एक नंबर. त्या नंबरावर जो पोरगा येणार होता तो तेव्हा कुठल्यातरी कॉलेजात जेवणाच्या रांगेत उभा असेल.

रात्री तासगावला फोन लावला तेव्हा हे आईला सांगितलं. ती म्हणाली, “कसलं पीक? द्राक्षाचं?”

मी हसलो, पण ती फार चुकली नव्हती. बाग अजून फुलोऱ्यात आणि व्यापारी दर ठरवून मोकळा, हे आमच्याकडे लहानपणापासून बघितलेलं. गारपीट झाली तर कोणाचं नुकसान, यावरून चावडीवर बसून होणारी भांडणंही बघितलेली. तरी तिला नीट कळलं ते भिशीवरून. इथला ड्राफ्ट म्हणजे बत्तीस बायकांची भिशी, फक्त बायकांच्या जागी संघ. दर एप्रिलमध्ये कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं सात फेऱ्यांत वाटून घ्यायची. गेल्या मोसमात जो तळाला, त्याचा नंबर पहिला. ज्याने सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, जिंकला, त्याचा बत्तिसावा. आणि आपला नंबर दुसऱ्याला देता येतो. यंदाचा, पुढच्या वर्षीचा, त्याच्याही पुढचा.

खरं सांगायचं तर हे तळाच्याला पहिला मान देणं मला कितीतरी वर्षं पचलं नव्हतं. दहावीची गुणवत्ता यादी पेपरात वाचत वाढलेला माणूस मी. नापास होईल त्याला पुढच्या वर्षी पहिला बाक, ही कुठली रीत? इथे आलो तेव्हा ऑफिसात तावातावाने बोलायचो यावर. आता बोलत नाही, कारण दरम्यान शेजारच्या आजोबांची वही बघितली.

आजोबा जन्मापासून शिकागोचे. बेअर्सनी सुपर बोल एकदाच जिंकलाय, जानेवारी 1986 मध्ये. त्या दिवशीचं वर्तमानपत्र त्यांच्याकडे अजून आहे. वही साधी, शाळेतली. त्यात बेअर्सचा प्रत्येक व्यवहार: कोणता पिक दिला, कोणता आला, त्या पिकवर पुढे कोण निघाला. डावीकडे दिलेलं, उजवीकडे आलेलं. आमच्या गावच्या किराणा दुकानदाराची उधारीची वही अगदी अशीच असायची.

पहिल्या पानावर एक तक्ता चिकटवलाय. 1991 च्या सुमारास डॅलस काऊबॉइजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्यासाठी माईक मकॉय नावाच्या, मूळच्या तेलधंद्यातल्या इंजिनियराने प्रत्येक पिकला गुण लावून दिले. पहिला पिक 3000 गुण, दुसरा 2600, सोळावा 1000, बत्तिसावा 590. म्हणजे पंधरा पायऱ्या खाली उतरलात की किंमत तिसऱ्या हिश्शावर. पुढच्या वर्षीचा पिक घेताना एक राऊंड खालचा धरायचा, असाही एक व्यवहारी नियम रूढ आहे: पुढच्या वर्षीचा पहिल्या राऊंडचा म्हणजे यंदाचा दुसऱ्या राऊंडचा. लिलाव भिशीत नड असलेला माणूस तोटा खाऊन रक्कम आधी उचलतो, तेच हे. ज्याला दम धरता येतो त्याचा फायदा. डॅलसने 1989 मध्ये हर्शेल वॉकर हा आपला सगळ्यात भारी गडी मिनेसोटाला देऊन पिकांचा ढीग लावला. त्या मोसमात सोळापैकी एक सामना जिंकले. मग 1992 ते 1995 या चार मोसमांत तीन सुपर बोल.

शिकागोकडे दम कधीच नव्हता, असं आजोबा म्हणतात. 2017 चं पान उघडून दाखवतात. बेअर्सचा नंबर तिसरा होता. एक पायरी वर चढायला त्यांनी तिसऱ्या राऊंडचा पिक दिला, चौथ्या राऊंडचा दिला, पुढच्या वर्षीचा तिसऱ्या राऊंडचाही दिला आणि घेतला मिचेल ट्रुबिस्की. त्याच संध्याकाळी दहाव्या नंबरवर कॅन्सस सिटीने पॅट्रिक महोम्सला उचललं. महोम्सचे 2024 पर्यंत तीन सुपर बोल जिंकून झाले. आजोबांनी ट्रुबिस्कीच्या समोर काहीच लिहिलेलं नाही. नुसती पेन्सिलीची रेघ, एवढी दाबून ओढलेली की मागच्या पानावरून बोट फिरवलं तर लागते.

आणि मग आलं 2023 चं पान.

त्या वर्षी पहिला पिक बेअर्सकडे आला तोही गमतीने. शेवटच्या दिवशी ह्यूस्टनला नुसतं हरायचं होतं, ते शेवटच्या मिनिटाला 32-31 ने जिंकले आणि तळाची जागा बेअर्सना सोडून गेले. ह्यूस्टनचे प्रशिक्षक होते लव्ही स्मिथ, एके काळी बेअर्सचेच. “माणूस इमानदार निघाला,” इति आजोबा.

हा पहिला नंबर बेअर्सचे जनरल मॅनेजर रायन पोल्स यांनी मार्चमध्ये कॅरोलायना पँथर्सना दिला. बदल्यात त्यांचा नववा आणि एकसष्ठावा पिक, 2024 चा पहिल्या राऊंडचा, 2025 चा दुसऱ्या राऊंडचा, आणि वर डी. जे. मूर हा सणसणीत खेळाडू. पँथर्सनी ब्राइस यंग घेतला. आता मजा बघा, 2024 चा पहिल्या राऊंडचा पिक म्हणजे नेमका कितवा? पँथर्स जितके हरतील तितका वरचा. म्हणजे अख्खा मोसमभर आमच्या गल्लीतल्या लोकांचे दोन संघ: बेअर्स जिंकावेत आणि पँथर्स हरावेत. नोव्हेंबरात दोघे एकमेकांविरुद्ध खेळले, 16-13 ने बेअर्स जिंकले, तर आजोबांनी वहीत दोन टिक केल्या.

31 डिसेंबरला दुपारी आम्ही त्यांच्याकडे होतो. खिडकीबाहेर बर्फ. मोठ्या टीव्हीवर बेअर्स-अटलांटा, आणि ओट्यावर टेकवलेल्या माझ्या फोनवर पँथर्स-जॅक्सनव्हिल. बेअर्स 37-17 ने जिंकत होते, पण म्हातारा माणूस टीव्हीकडे पाठ करून त्या चिमुकल्या फोनला डोळे लावून उभा. पँथर्स 26-0 हरले. पहिला पिक पक्का झाला. आजोबांनी मला मिठी मारली. बारा वर्षांत पहिल्यांदा. बायकोने पेढे नेले होते नवीन वर्षाचे म्हणून, ते वेगळ्याच कारणाने वाटले गेले. पँथर्सच्या शार्लटमध्ये त्या वेळी कोणीतरी एखाद्या पोराची समजूत घालत असेल, हे माझ्या मनात आलं, पण पेढा तोंडात होता.

आता ऑफिसातलं सांगतो. 2023 च्या डिसेंबरात दुबईत मिचेल स्टार्कला कोलकात्याने 24 कोटी 75 लाखांना घेतलं, तर एक सहकारी मला म्हणाला, तुमच्याकडे माणसांचा लिलाव करतात? त्याला मी जे सुनावलं ते अजून आठवून बरं वाटतं. म्हटलं, आमच्याकडे पोरगा स्वतः नाव देतो, स्वतःची किमान किंमत स्वतः लावतो. तुमच्याकडे बावीस वर्षांच्या मुलाला सांगतात की तू अमुक शहरात राहायचं, पगार नंबराप्रमाणे आधीच ठरलेला, चार वर्षं गप खेळायचं. आमचं निदान उघड्यावर चालतं. तो गप्प बसला. यात हार्दिकला गुजरातहून आणून रोहितला बाजूला केल्यावर मुंबईच्या चाहत्यांचं काय चाललं होतं, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला विचारायचं सुचलं नाही, ही त्याची चूक.

पण आईने फोनवर नेमकं तेच विचारलं. “त्या पोराला विचारलं होतं का, पिट्सबर्गला जातोस का म्हणून?”

“अगं, असं विचारत नाहीत इथे. करारातच असतं.”

“मग भिशी कसली? भिशीत माणूस नसतो देत, नंबर देतात.” आणि मग तिने सांगितलं की या महिन्यात चिठ्ठी तिच्याच नावाची निघाली होती, पण शेजारच्या काकूंना लेकीची फी भरायची होती म्हणून तिने आपला नंबर त्यांना दिला.

“बदल्यात काय घेतलंस?”

“काय घ्यायचं? माझ्या वेळेला ती देईल.”

हे ऐकून मी इकडच्या पद्धतीची बाजू घ्यायला लागलो, उगाचच. म्हटलं, इथे सगळं लिहून असतं, कोणी कोणाचे उपकार ठेवत नाही, दोन्ही बाजूंना राजीखुशीने हवं ते मिळतं. ती हं हं करत राहिली. मीही 2012 मध्ये “दोन वर्षांत परत येतो” असं लिहून न देता निघालो होतो, हे ती बोलली नाही. मला वाटतं तिला ते सुचलंही नसेल. आणि ग्रीन कार्डच्या रांगेतला माझा नंबर तर कोणाला देताही येत नाही, कोणाचा घेताही येत नाही. एखाद्या महिन्यात तारीख पुढे सरकण्याऐवजी मागे जाते. त्याला कुठला तक्ता लावणार?

मग गुरुवारी, 25 एप्रिलला, डेट्रॉइटमध्ये ड्राफ्ट झाला. पँथर्सच्या नंबरावर बेअर्सनी केलेब विल्यम्स घेतला आणि स्वतःच्या नवव्या नंबरावर रोम ओडुन्झे. आजोबांकडे गल्ली जमली होती. चिरंजीव फील्ड्सचीच जर्सी घालून गेला. मी म्हटलं, आज तरी बदल. नाही म्हणाला. आजोबा म्हणाले, राहू दे, मी अजून त्या सुपर बोलवाल्या 1985 च्या संघातल्यांची घालतो.

पण वहीतलं खरं काम शनिवारी होतं. 2023 मध्ये पँथर्सकडून आलेला नववा पिक बेअर्सनी फिलाडेल्फियाला देऊन दहावा घेतला होता, आणि एक पायरी खाली उतरण्याबद्दल 2024 चा चौथ्या राऊंडचा पिक वर मिळवला होता. तो लागला 122 वा. त्यावर घेतला टोरी टेलर, मेलबर्नचा पोरगा, चेंडू लांब लाथाडण्यापुरताच मैदानात येणारा. टीव्हीवरचे लोक हसले. आजोबांनी पट्टी घेऊन ओळ नीट आखली आणि उजव्या रकान्यात त्याचं नाव लिहिलं, गाव आणि देशासकट.

त्याखाली तेव्हा एकच ओळ मोकळी होती: 2025, दुसरा राऊंड, कॅरोलायना. वही मिटताना त्यांनी चिरंजीवाला विचारलं, पँथर्सचा पहिला सामना कधी आहे ते बघून ठेवशील का?