माझा अनुभव: ट्रान्सफर पोर्टलमधल्या फॉरवर्डची पारख

मार्च सरता सरता ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, उघडलं की आमच्या व्हिडिओ रूममध्ये पूर्ण वाक्यं बंद व्हायची. नाव, उंची आणि "कधीपर्यंत देतेस?" एवढंच उरायचं. मी अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात स्टॅटिस्टिक्समध्ये मास्टर्स करत होते आणि पुरुषांच्या बास्केटबॉल टीमसाठी व्हिडिओचं काम करायचे. 2025 मध्ये पोर्टलमध्ये नाव घालायला खेळाडूंना 30 दिवस होते. त्या गर्दीत असिस्टंट कोचने एक फॉरवर्ड, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, माझ्याकडे सरकवला. 6 फूट 8 इंच, छोट्या कॉन्फरन्समधला (कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट), मॅचला सरासरी 17 पॉइंट. "डिफेन्स मी बघतो. हा आपल्याकडे पॉइंट कसे करेल, तेवढं सांग."

हे पोर्टल 2018 चं. आधी कॉलेज बदललं की बहुतेकांना एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. 2021 मध्ये एकदा बदलायची सूट मिळाली, 2024 मध्ये अभ्यासाच्या अटी पाळणाऱ्यांना कितीही वेळा. खेळाडूंच्या दृष्टीने हे योग्यच झालं. आमची मात्र पंचाईत झाली, कारण पूर्वी असा मुलगा वर्षभर प्रॅक्टिसमध्ये डोळ्यांसमोर असायचा. आता व्हिडिओवरून ठरवायचं आणि नोव्हेंबरमध्ये थेट उतरवायचं. त्यात स्टुडंट व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं, त्यामुळे काय बघायचं नाही हे मला आधी ठरवावं लागलं.

दुबळ्या टीमविरुद्धच्या मॅचेस मी बाजूला ठेवल्या. सिनर्जी या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पझेशन, म्हणजे बॉल हातात असतानाची प्रत्येक चाल, प्रकारानुसार लावलेलं असतं: पोस्ट-अप (रिंगजवळ, म्हणजे पोस्टवर, डिफेंडरकडे पाठ करून खेळणं), पिक अँड रोल (गार्डच्या डिफेंडरची वाट अडवून, म्हणजे स्क्रीन लावून, मग रिंगकडे वळणं), कट (बॉलशिवाय रिंगकडे धाव), ट्रान्झिशन (बॉल मिळताच वेगाने हल्ला), पुटबॅक (चुकलेला शॉट पकडून परत टाकणं). प्रकार उघडले आणि 17 पॉइंटांचं गणित सुटायला लागलं. त्याचे बरेचसे बास्केट स्क्रीन लावून रिंगकडे वळल्यावरचे होते आणि जवळजवळ प्रत्येक वेळी बॉल एकाच गार्डकडून, म्हणजे बॉल खेळवणाऱ्या खेळाडूकडून, आला होता. तो गार्ड शेवटच्या वर्षाचा. आमच्याकडे येणार होता फक्त फॉरवर्ड.

म्हणून मग मी तो गार्ड दुखापतीमुळे बाहेर होता त्या मॅचेस शोधल्या, आणि माझ्या मते सगळं उत्तर तिथेच होतं. बॉल त्याला रिंगपासून लांब मिळत होता, पाठीवर डिफेंडर घेऊन. पोस्टवर तो कायम डाव्या खांद्यावरून वळून उजव्या हाताने हुक, म्हणजे डोक्यावरून वळवलेला शॉट, टाकायचा. ती वाट अडवली की एक हुलकावणी देऊन बॉल परत बाहेर. त्याच्या कॉन्फरन्समध्ये ते खपत होतं, कारण समोरचा त्याच्याहून बुटका असायचा. आमच्या कॉन्फरन्समध्ये समोर 6 फूट 10 इंचांचा माणूस त्या हुकची वाटच बघत उभा राहिला असता.

पण डबल टीम आल्यावरचा, म्हणजे दोन डिफेंडर अंगावर आल्यावरचा, मुलगा निराळा होता. मी व्हिडिओ कॅचच्या क्षणी थांबवायचे, कोण मोकळा आहे ते कागदावर लिहायचे आणि मग पुढे चालवायचे. जवळचा पास तो न चुकता द्यायचा. फ्री थ्रो लाइनजवळ रोल मध्येच थांबवून बॉल घेतला, की कोपऱ्यातला माणूस त्याला लगेच दिसायचा. पलीकडच्या कोपऱ्यात लांब पास मात्र क्वचित. पॉइंटांच्या रकान्यात यातलं काहीच दिसत नाही. असिस्ट, म्हणजे बास्केट करून देणारा पास, हाही तेव्हाच मोजतात, जेव्हा कोपऱ्यातला शॉट बसतो.

तीन पॉइंटच्या शॉटवर आमची जुंपली. सीझनभरात 30 शॉट, 11 बसलेले, म्हणजे जवळपास 37 टक्के. कोच खूश. यातले दोन रिंगवरून बाहेर पडले असते तर तोच आकडा 30 टक्के, मग खूश कशावर? मी फ्री थ्रोकडे बोट दाखवलं. ते भरपूर होते आणि चारातले तीन बसत होते. मनगट चांगलं आहे, तीन पॉइंटच्या रेषेवरून, म्हणजे 22 फूट पावणेदोन इंचांवरून, तो टाकू शकेल, पण त्या शॉटवर डाव आखू नका, असं माझं म्हणणं.

"डाल्टन नेक्ट पण छोट्या कॉलेजातूनच आला होता," कोच म्हणाला. नेक्ट 2023 मध्ये नॉर्दर्न कोलोरॅडोहून टेनेसीला गेला आणि लगेच एसईसी या मोठ्या कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, हे खरं. पण नेक्ट स्वतःचा शॉट स्वतः तयार करायचा. ते कौशल्य खेळाडूबरोबर येतं. गार्डचा पास येत नाही. मला जॉनी ब्रूमचं उदाहरण जवळचं वाटलं. 2022 मध्ये तो मोरहेड स्टेटहून ऑबर्नला आला, पहिल्या वर्षी त्याची सरासरी खाली आली, आणि 2025 मध्ये तोच एसईसीचा सर्वोत्तम खेळाडू झाला.

व्हिडिओ कॉलवर कोचने माझ्या काही क्लिप्स त्याला दाखवल्या. एका रोलवर तो मध्येच का थांबला, असं विचारलं. मुलगा शांतपणे म्हणाला की कोपऱ्यातल्या डिफेंडरने मान वळवली होती. मी क्लिप मागे नेली. खरंच वळवली होती. त्या उत्तरावर मी त्याला हुकपेक्षा जास्त मार्क दिले.

रिपोर्ट एक पानाचा झाला. आमच्याकडे 11-12 पॉइंट धरा, पोस्टवर पाठ करून उभा करू नका, फ्री थ्रो लाइनपाशी बॉल द्या आणि दोन्ही कोपऱ्यांत शूटर ठेवा. डाव्या हातावर उन्हाळ्यात काम करा.

तो आला. डिसेंबरपर्यंत त्याची सरासरी 12 च्या आसपास रेंगाळत होती आणि चाहते "17 वाला कुठे गेला?" म्हणून कुरकुरत होते. कोपऱ्यांतले शूटर खूश होते. डावा हात अजून तसाच आहे, आणि आमचा गार्ड रोलवर पास अर्धा सेकंद उशिरा देतो. ते काम दुसऱ्या कोचकडे आहे.