एकाच नावाची तीन माणसं

१ नोव्हेंबरला बेळगावात उतरायचं नाही, असं मी दरवर्षी ठरवतो आणि दरवर्षी त्याच दिवशी उतरतो. एका रस्त्याला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, लाल-पिवळे झेंडे आणि छाती हादरवणारा डीजे, तर दुसऱ्या रस्त्याला मराठी भाषिकांच्या काळ्या दिनाची फेरी. रिक्षावाला मिळतच नाही, मिळाला तर तोंडाला येईल तो भाव सांगतो. पण आम्हा ख्रिस्त्यांसाठी १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण आणि दुसऱ्या दिवशी मृतांचा दिवस. "१९५६ ला त्यांनी आमचीच तारीख उचलली," असं आत्या म्हणते. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि मेणबत्त्यांची पिशवी तिच्या हातात असते.

दोन तारखेला पहाटे खानापूरची बस धरली. अंतर पंचवीस-सव्वीस किलोमीटर. मच्छे, देसूर मागे पडलं आणि काचेवर धुकं जमलं. भाताची कापणी अर्ध्यावर आलेली, बांधावर पेंढ्या रचलेल्या. पिशवीत एक डझन मेणबत्त्या, झेंडूच्या माळा, आगपेटी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला विळा. कंडक्टरनं विळ्याकडे पाहिलं. आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. विषय संपला.

खानापुरातून नंदगडच्या बाजूला जाणारं वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी भाड्याची गाडी, मिळालं. गावाचं नाव लिहीत नाही, आत्याला आवडणार नाही. घरं कौलारू, काहींच्या अंगणात तुळस आणि काहींच्या अंगणात क्रूस. दोन्हींचे चौथरे एकाच गवंड्यानं बांधल्यासारखे, चुनाही सारखाच लावलेला. ख्रिस्ती घरांत आतल्या खोलीत कोकणी, ओसरीवर मराठी आणि तहसीलदार कचेरीत कन्नड.

चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर फादरांनी मृतांची जुनी वही काढून दिली. १९५३ साली बेळगावचा वेगळा धर्मप्रांत झाला, त्याआधी ही बाजू गोव्याच्या आर्चबिशपांकडे होती, म्हणून जुनी पानं पोर्तुगीज भाषेत. वाळवीनं खाल्लेल्या कडा सोडल्या तर अक्षर सुरेख. मला त्यातला एकच शब्द लवकर पाठ झाला: फेब्रे. म्हणजे ताप. पान उलटलं की फेब्रे, पुन्हा उलटलं की फेब्रे. हिवताप असो, विषमज्वर असो की आणखी काही, लिहिणाऱ्या पाद्रीला एक शब्द पुरत होता.

मला वहीत आजोबांचं नाव शोधायचं नव्हतं. ते माझ्यासमोर गेले, १९८५ साली, चांगले म्हातारे होऊन. तरीही त्यांचं नाव सापडलं, आणि दोनदा सापडलं. वडिलांचं नाव तेच, आईचं तेच, वय एकदा दोन वर्षं आणि एकदा तीन.

"ते थोरले दोघे," आत्या सहज म्हणाली. पणजोबांच्या वडिलांचं नाव पहिल्या मुलाला द्यायचं, ही रीत. पहिला गेला म्हणून नाव दुसऱ्याला दिलं. दुसराही गेला. १९०७ साली तिसरा झाला तेव्हा पणजी हे नाव नको म्हणून अडून बसली होती, पण सासूपुढं तिचं चाललं नाही. आजोबांना लहानपणी घरात कुणी नावानं हाक मारत नसे, नुसतं "पोरगा" म्हणत. नजर लागेल म्हणून असेल, किंवा ते नाव तोंडातून काढायला आईचा जीव होत नसेल. आत्याला विचारलं तर म्हणाली, "मला काय माहीत, मी काय तिथं होते?"

पहिला गेला तो गाठीच्या तापात. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत प्लेग सापडला आणि पुढच्या काही वर्षांत रेल्वेच्या वाटेनं बेळगाव, हुबळी, धारवाडपर्यंत पोचला. लस होती. ती बनवणाऱ्या हाफकिननं १८९७ च्या जानेवारीत स्वतःला टोचून पाहिली होती, पुढच्याच वर्षी हुबळी-धारवाडात हजारोंना टोचलीही गेली. पण आमच्या गावात घरात उंदीर मरून पडला की सरळ गाव सोडायचं. रानात खोपी घालायच्या, भांडीकुंडी आणि कोंबड्या घेऊन तिथं राहायचं, साथ ओसरली की परत. ख्रिस्ती लोक साथीपासून राखणाऱ्या सेबास्त्यांव संताची लादाईन, म्हणजे प्रार्थना, म्हणायचे, शेजारी मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचे. एका वर्षी त्या गाड्याला बैल कमी पडला.

"बैल कुणाचा गेल्ता सांग? आमचाच," आत्या डोळे बारीक करून म्हणाली. "पाद्रीला कुणी सांगितलं नाही."

दुसरा हिवतापानं गेला. खानापूरची पश्चिम बाजू म्हणजे झाडी, ओढे आणि मोप पाऊस. पाणथरी (प्लीहा) वाढून पोट पुढं आलेली, हातापायाच्या काड्या झालेली पोरं घरोघर असायची. त्यावरचं औषध, कोयनेल, मिळत होतं, पण ते तालुक्याला, आणि ताप यायचा मध्यरात्री. हा रोग इथून कसा हटला ते आत्यानं स्वतः पाहिलंय. पाठीवर पंप घेतलेले लोक यायचे, भिंतींवर डीडीटी मारायचे आणि चौकटीवर तारीख घालून जायचे. मुंबई इलाख्यात ही फवारणी १९४६ च्या सुमारास कारवार-धारवाडकडे सुरू झाली, १९५३ पासून देशभर. आत्याला त्यातलं एकच ठळक आठवतं: "ढेकूण मेले. पहिल्यांदा रात्रभर झोप लागली."

मग मानमोडी. १९१८. पुस्तकात तिला इन्फ्लुएंझा म्हणतात, आमच्याकडे अजूनही मानमोडीच. जूनमध्ये मुंबईत आली तेव्हा हलकी होती, सप्टेंबर-ऑक्टोबरात परतली ती माणसं घ्यायलाच. देशात सव्वा कोटीच्या आसपास तरी गेली असं धरतात, काही अभ्यासक आकडा याहून बराच वर नेतात. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली, तसं आधी-नंतर कधी झालं नाही. या साथीची उलटी तऱ्हा म्हणजे म्हातारी राहिली आणि वीस ते चाळीस वयाची गेली, त्यात बायका जास्त. घरातल्या आजाऱ्यांना पेज पाजणारी बाई स्वतः आडवी झाली की तिला पेज पाजायला कोण? पणजी अशीच गेली. आधी तिची जाऊ, चौथ्या दिवशी ती. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, भात हाताशी आलं नव्हतं. पेटी करायला सुतार उठू शकत नव्हता, म्हणून दोघींना चटईत गुंडाळून पुरलं. आजोबा तेव्हा अकरा वर्षांचे. खड्ड्यात माती लोटायला त्यांच्याही हातात फावडं दिलं होतं. एवढंच त्यांनी आत्याला सांगितलं होतं, तेही एकदाच.

सगळेच गेले असं नाही. आजोबांच्या धाकट्या बहिणीच्या पोटात गाठ झाली तेव्हा म्हैस विकून तिला रेल्वेनं मिरजेला नेलं. वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ साली सुरू केलेलं मिशनचं इस्पितळ तोवर सगळ्या मुलखात माहीत झालं होतं. ती ऑपरेशन करून परत आली आणि ऐंशी पार करून, सगळ्यांशी भांडून गेली.

सेमेटरीत ऊन चढलं होतं. विळ्यानं आजी-आजोबांच्या कबरीवरचं गवत काढलं, माळ घातली. पणजीची कबर नाहीच. लाकडी क्रूस चार पावसाळ्यांत कुजतो आणि जागा पुढच्याच्या कामी येते. ज्यांची कबर राहिलेली नाही त्यांच्या मेणबत्त्या मधल्या मोठ्या क्रूसापाशी लावायच्या. तिथं मेणाचा थर साचलेला, आमच्याआधी बरेच येऊन गेलेले.

आत्या एकेक नाव घेत लावत गेली. पणजी, तिची जाऊ, पणजोबा, मिरजेहून परत आलेली आजी. थोरल्या दोघांसाठी तिनं एकच लावली. मी म्हणालो, दोघं आहेत ना?

"नाव एकच आहे की. हाक मारली की दोघंही येतात."

वारा होता, दोनदा विझली. तिसऱ्यांदा तिनं पदराचा आडोसा केला. शेवटी पिशवीत तीन मेणबत्त्या उरल्या. त्या कुणाच्या म्हणून मी विचारायला गेलो, तोवर तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून विळ्याशेजारी ठेवल्या. "घरी लाईट जाते," म्हणाली. "चल, वडाप चुकेल."