डिफरन्शियलचं झाकण गळतंय? ट्यूब जरा बाजूला ठेवा

पिकअप ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलवर मध्यभागी तो गोळा असतो ना, म्हणजे डिफरन्शियल, दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटणारे गिअर ज्यात असतात ते, त्याच्या मागच्या बाजूच्या झाकणातून तेल पाझरायला लागलं की बहुतेक लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे सिलिकॉनची ट्यूब आणतात, आणि दुसरी म्हणजे झाकण न काढताच बाहेरून कडेकडेने ते सिलिकॉन फासून मोकळे होतात. हे टिकत नाही, टिकूच शकत नाही. तेल आतून ढकलतंय, बाहेरचा पत्रा वर्षानुवर्षं तेल पिऊन बसलाय आणि सिलिकॉन तेलावर धरत नाही, एवढं साधं आहे. थोड्या दिवसांत ती पूर्ण पट्टी रबरासारखी हातात सुटून येते आणि खाली पुन्हा थेंब.

माझं म्हणणं असं की या कामात सिलिकॉन लावणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात छोटा भाग आहे. गळती थांबते ती पुसण्याने, खरवडण्याने, आणि आतली हवा बाहेर सोडणाऱ्या एका छोट्याशा ब्रीदरमुळे ज्याच्याकडे कुणी बघतच नाही.

पण आधी एक खात्री करा की गळतंय ते झाकणच. गाडी चालू असताना वारा तेल मागे उडवतो, त्यामुळे पुढच्या पिनियन सीलमधून (इंजिनकडून येणारा शाफ्ट गोळ्यात शिरतो तिथलं सील) आलेलं तेल गोळ्यावरून वाहत मागे झाकणाच्या खालच्या कडेला जमा होतं आणि दोष मात्र झाकणाच्या माथी. तसंच झाकणाच्या वरच्या बोल्टपाशी गळत असेल तरी थेंब खालीच दिसणार, तेल काही वर चढत नाही. म्हणून सगळा गोळा ब्रेक क्लीनरने स्वच्छ धुवा, कोरडा करा, जोडावर थोडी टाल्कम पावडर मारा आणि गाडी एक चक्कर फिरवून आणा, पावडर जिथे ओली झाली तिथून खरी सुरुवात. आणि हो, बऱ्याच जड ट्रकना मागचं झाकण निघतच नाही, हौसिंगला, म्हणजे गोळ्याच्या कवचाला, वेल्ड केलेलं असतं आणि क्राऊन-पिनियन या आतल्या गिअरजोडीचा आख्खा जुडगा पुढच्या बाजूने बाहेर येतो, तिथे जोडही पुढेच असतो. त्यामुळे आपल्या अ‍ॅक्सलला नेमके बोल्ट कुठे आहेत ते बघूनच पाना उचला.

आता ब्रीदर. अ‍ॅक्सलच्या नळीवर वर एक छोटी टोपी असते किंवा एक पातळ रबरी पाइप वर चेसिसकडे गेलेला असतो. डिफरन्शियल गरम झालं की आतली हवा फुगते आणि तिला बाहेर पडायला हाच एक रस्ता. हा चिखलाने बुजला तर काय होतं त्याचं गणित करून बघा, २० अंशांची हवा बंद जागेत १०० अंशांपर्यंत तापली तर दाब साधारण सव्वापट होतो, म्हणजे वातावरणापेक्षा पाव पट जास्त दाब आतून प्रत्येक सीलवर आणि त्या झाकणावर. मग तुम्ही जगातलं सगळ्यात भारी सिलिकॉन लावा, तेल कुठून तरी वाट काढणारच, झाकणातून नाही तर चाकाकडच्या सीलमधून, आणि तिथून ते ब्रेकवर गेलं की खर्च वेगळाच. उलटंही होतं बरं का, गरम गाडी पाण्यात उतरली की हवा एकदम आकसते आणि बुजलेल्या ब्रीदरमुळे सील पाणी आत ओढतात. तेल चहासारखं दुधाळ निघालं तर समजा पाणी गेलंय. त्यामुळे टोपी फिरवून बघा, पाइप काढून फुंकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

झाकण खोलायच्या आधी तेल भरायचा प्लग ढिला करून बघा. आधी हाच! तेल सगळं काढून टाकलं आणि मग कळलं की भरायचा प्लग गंजून बसलाय, आटे गेलेत, तर गाडी जागेवर अडकली, कारण तेल घालायचं कुठून? हा नियम मी कुणालाही सांगताना दोनदा सांगतो.

मग गाडी थोडी फिरवून तेल कोमट करून घ्या, पटापट निघतं. जॅकवर विसंबून खाली शिरू नका, घोड्या (जॅक स्टँड) लावा, पुढच्या चाकांना दगड किंवा ठोकळ्याची ओट द्या. खाली मोठं घमेलं ठेवा, बहुतेक पिकअपमध्ये दोन ते तीन लिटर तेल असतं आणि ते एका ठिकाणाहून शिस्तीत येत नाही, आख्ख्या खालच्या कडेवरून पडद्यासारखं येतं. म्हणून सगळे बोल्ट काढायचे पण वरचे दोन बोल्ट चार-पाच आट्यांवर लटकते ठेवायचे, आणि खालून पातळ पट्टीने जोड हलकेच उचकवायचा. स्क्रू ड्रायव्हर घुसवून पत्रा वाकवायचा नाही, हौसिंगवर बऱ्याचदा उचकवायला एक खाच दिलेली असते ती शोधा. एखाद्या बोल्टखाली छोटी पत्र्याची पट्टी असेल तर जपून ठेवा, त्यावर गिअरचं गुणोत्तर वगैरे लिहिलेलं असतं, नंतर पार्ट मागवताना तीच कामाला येते.

वासाबद्दल आधीच सांगून ठेवतो. गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची अ‍ॅडिटिव्ह असतात कारण हायपॉइड गिअरचे, म्हणजे या क्राऊन-पिनियनचे, दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतात, साधं तेल तिथे फाटून जाईल. पण तो वास कपड्याला लागला की लागला. जुने कपडे घाला, घरातले लोक नाही बोलणार काही.

झाकण निघालं की आत बघायची संधी सोडू नका. चुंबक असेल तर त्यावर करडी मऊ पेस्ट असणं नॉर्मल आहे, बोटात चोळली की शाईसारखी वाटते. पण त्यात टोचणारे कण, चकाकणारे तुकडे, दाताची कपची असं काही लागलं तर गळती हा तुमचा प्रश्नच नाही, मेकॅनिकला दाखवा.

इथून पुढे खरी मेहनत. आधी हौसिंगच्या तोंडात स्वच्छ कपडा कोंबा म्हणजे खरवडलेलं आत पडणार नाही. मग जुनं पॅकिंग किंवा सिलिकॉन प्लॅस्टिकच्या किंवा पितळेच्या पट्टीने काढायचं. ग्राइंडरला ती खरखरीत चकती लावून भुर्रकन साफ करायचा मोह होतो, आणि व्हिडिओतही लोक करताना दिसतात, पण मला ते बिलकूल पटत नाही. त्या चकतीची धूळ म्हणजे घासायचीच पावडर, ती बेअरिंगमध्ये गेली की काम तमाम, आणि वर जोडाच्या सपाट जागेवर खळगे पडतात ते वेगळेच. हाताने करा. बोल्टच्या भोकांभोवती जुनं सिलिकॉन पातळ पापुद्र्यासारखं चिकटलेलं असतं, डोळ्याला दिसत नाही पण नख फिरवलं की अडखळतं, तेच निघायला हवं.

झाकण पत्र्याचं असेल तर ते सपाट आहे का हे बघाच. आधीच्या कुणीतरी बोल्ट जीव खाऊन आवळलेले असतात, त्यामुळे प्रत्येक भोकापाशी पत्रा आत दबतो आणि दोन बोल्टच्या मध्ये उचलला जातो, नेमकी गळायची जागा तीच. काचेवर किंवा सपाट लादीवर झाकण जोडाची कड खाली करून ठेवा, डुगडुगतंय का, खालून फट दिसते का. भोकांपाशी पत्रा असा दबलेला असेल तर मागून लाकडी ठोकळ्याचा आधार देऊन हलक्या हाताने ठोकून सपाट करता येतो, नंतर काचेवर पॉलिश पेपर पसरून झाकण गोल-गोल घासा, जिथे घासलं गेलं नाही तिथे अजून खड्डा आहे. फारच वाकलं असेल तर नवीन घ्या, सिलिकॉनचा थर जाड करून वाकडेपणा भरून निघत नाही.

पॅकिंग की सिलिकॉन, यावर लोक तासन् तास भांडतात. कागदी किंवा कॉर्कचं पॅकिंग चालतं, धातूवर रबर चढवलेलं पॅकिंग तर पुन्हा वापरता येतं आणि त्याला वाळायची वाट बघावी लागत नाही, वारंवार झाकण खोलणाऱ्यांना ते बरं. पण दोन्ही एकत्र करू नका, पॅकिंगवर सिलिकॉन लावलं की ते घसरतं आणि बोल्ट आवळताना बाहेर पिळून येतं. माझा कल सिलिकॉनकडे, कारण गंजून खडबडीत झालेल्या जुन्या हौसिंगला ते जास्त सांभाळून घेतं. फक्त कुठलंही नको. बाथरूमचं आंबट व्हिनेगरसारख्या वासाचं तर अजिबात नको, ते धातूला गंज आणू शकतं. ट्यूबवर गिअर ऑइलसाठी चालतं असं लिहिलेलं हवं, मघाशी म्हटलं ती अ‍ॅडिटिव्ह काही साध्या सिलिकॉनला मऊ करून टाकतात.

लावायच्या आधी शेवटची सफाई, आणि इथेच बरेच जण फसतात. तुम्ही कितीही पुसा, क्राऊनवरून आणि अ‍ॅक्सलच्या नळ्यांतून तेल तासन् तास थेंब-थेंब येत राहतं आणि हौसिंगच्या खालच्या ओठावर येऊन बसतं. गाडीचा मागचा भाग पुढच्यापेक्षा थोडा उंच केला तर हे तेल पिनियनच्या बाजूला जातं आणि तो ओठ कोरडा राहतो. कोंबलेला कपडा काढा (विसरू नका हो), ब्रेक क्लीनर कपड्यावर घेऊन दोन्ही बाजू पुसा, पांढऱ्या कपड्यावर डाग उमटेनासा होईपर्यंत. त्यानंतर तिथे बोटही लावायचं नाही.

सिलिकॉनची धार साधारण ३ मिलिमीटरची, मध्ये कुठेही न तोडता, झाकणावर गोल फिरवायची आणि प्रत्येक भोकाच्या आतल्या बाजूने न्यायची किंवा भोकाला पूर्ण वेढा घालायचा. जास्त घातलं की चांगलं असं नाही, जेवढं बाहेर येतं तेवढंच आतही पिळून जातं आणि तो तुकडा कधीतरी सुटून तेलात फिरतो. काही हौसिंगमध्ये बोल्टची भोकं आरपार आत उघडतात, तिथे आट्यांतून तेल येतं, बोल्टच्या आट्यांना थोडं सीलंट लावा म्हणजे झालं.

सिलिकॉनवर पापुद्रा धरायच्या आत झाकण सरळ बसवायचं, चिकटल्यावर सरकवायचं नाही. सगळे बोल्ट आधी बोटाने, मग समोरासमोर टप्प्याटप्प्याने. काही ट्यूबवर लिहिलेलं असतं की बोटाने आवळून तासभर थांबा आणि मग पूर्ण आवळा, काहींना लगेच आवळलेलं चालतं, ट्यूब जे म्हणते ते ऐका. जोर किती, तर बऱ्याच पिकअपना ३० ते ४५ न्यूटन-मीटर एवढाच असतो, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा धरा आणि टॉर्क पाना वापरा. लांब दांडा लावून लोंबकळायचं हे काम नाही.

मग थांबायचं. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पिकतं, बहुतेक प्रकारांना पूर्ण पिकायला २४ तास लागतात, आणि कोरड्या थंड हवेत अजून जास्त. लगेच चालतं असं लिहिलेलं महाग प्रकारही मिळतं, ते घेतलं तर गोष्ट वेगळी. तेल भरताना गाडी परत सपाट करा, मागे उंच असताना भरलं तर माप चुकतं. भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, म्हणजे तेल बाहेर ओघळायला लागलं की बस. ग्रेड मॅन्युअल सांगेल, ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० (हा तेलाचा जाडपणा) जीएल-५ (हा गिअर ऑइलचा दर्जा) बऱ्याच ठिकाणी चालतं, पण लिमिटेड स्लिप, म्हणजे एकच चाक नुसतं घसरत फिरू न देणारं डिफरन्शियल, असेल तर वेगळं फ्रिक्शन अ‍ॅडिटिव्ह लागतं का बघा, नाहीतर वळणावर मागून कुरकुर सुरू होते. जुनं तेल डब्यात भरून जुनं तेल घेणाऱ्यांकडे द्या, गटारात नको.

पहिल्या चकरेनंतर खाली वाकून बघाल तेव्हा कडेला थोडं तेल दिसेल, घाबरू नका, बऱ्याचदा ते भरताना सांडलेलं असतं, पुसा आणि पुन्हा फिरवून बघा. खरंच पाझरत असेल तरी बोल्ट अजून थोडे आवळून बघण्याचा मोह टाळा. कॉर्कचं पॅकिंग असतं तर चाललं असतं, ते बसतं तसं थोडं ढिलं पडतं, पण पिकलेलं सिलिकॉन पुन्हा आवळलं की जिथे धरलंय तिथलाही जोड तुटतो. मग तेल काढा, झाकण काढा, आणि खरवडायची पट्टी परत हातात घ्या.