कुत्रा भिजला, फोनही भिजला: आधी कोणाकडे बघायचं?

पावसाळ्यात इंदूरहून कुत्र्याला घेऊन निघालात, मग पातालपानीचा धबधबा असो, चोरल असो की मांडू, दोन गोष्टी हमखास भिजतात: कुत्रा आणि कोणाचा तरी फोन. बऱ्याचदा एकापाठोपाठ एक, कारण डबक्यातून बाहेर आलेला कुत्रा अंग झाडायला नेमका फोटो काढणाऱ्याच्या पायाशी येऊन उभा राहतो. अशा वेळी क्रम असा ठेवा: फोन बंद करा, कव्हर काढून रुमालात गुंडाळून ठेवा, आणि कुत्रा कोरडा होईपर्यंत फोनला हात लावू नका. बंद केलेला फोन तासभर थांबू शकतो. ओला कुत्रा गाडीत घेऊन एसी लावून घाट चढायचा म्हटलं तर तो थांबू शकत नाही.

फोन लगेच बंद करायचा तो का, हे नीट समजलं तर पुढचं सगळं आपोआप सुचतं. पावसाच्या किंवा ओढ्याच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे त्यातून थोडी वीज वाहते. फोन चालू असेल तर आतल्या बोर्डावर शेजारशेजारच्या टोकांमध्ये व्होल्टेजचा फरक असतो. त्या दोन टोकांवर पाण्याचा थेंब बसला की एका बाजूचं तांबं विरघळून दुसऱ्या बाजूला साचायला लागतं आणि काही वेळानं दोन्ही टोकं जोडली जाऊन शॉर्ट होतं. व्होल्टेजच नसेल तर हे काम फार हळू चालतं. म्हणून भिजल्यावर ‘चालतोय का बघू’ म्हणत दर दोन मिनिटांनी स्क्रीन लावणं हा सगळ्यात महागडा चाळा. चार्जिंगला लावणं त्याहून वाईट.

आता अडचण अशी की हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये बाजूचं बटण दाबून धरलं की फोन बंद होत नाही, व्हॉइस असिस्टंट बोलायला लागतो. ओल्या स्क्रीनवर बोट तर चालतच नाही. निघायच्या आधी घरीच सेटिंगमध्ये जाऊन ते बटण ‘पॉवर ऑफ’वर आणून ठेवा, किंवा तुमच्या फोनला कोणती दोन बटणं एकत्र दाबावी लागतात ते एकदा करून बघा. फोन बंद झाला की सिमचा ट्रे काढायचा. त्यातून ओल बाहेर पडायला वाट मिळते, आणि सिम दुसऱ्याच्या फोनमध्ये टाकून ओटीपी आणि घरचे फोन तरी घेता येतात. झटकू नका, फुंकर मारू नका. दोन्हीमुळे पाणी आत सरकतं. चार्जिंगचं तोंड खाली धरून तळहातावर हलकेच दोन-चारदा आपटा. त्या तोंडात कापूस, काडी, टिश्यू काही घालायचं नाही.

आता कुत्रा. जाड फरच्या कुत्र्याचे वरचे केस कोरडे लागले तरी खालचा मऊ थर ओलाच असतो, आणि खाज, फोड, वास यांची सुरुवात तिथूनच होते. मायक्रोफायबरचे दोन टॉवेल ठेवा: पहिल्यानं दाबून पाणी टिपायचं, दुसऱ्यानं केसांच्या उलट्या दिशेनं पुसायचं. पोट, काखा आणि बोटांमधली जागा विसरू नका. लोंबत्या कानाच्या जातीत कानाचा आतला दिसणारा भाग कापसानं टिपून घ्या. इअरबड आत घालायचा नाही. आणि भिजलेला हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) उतरवाच. ओला पट्टा काखेत घासला की दोन तासांच्या प्रवासात कातडी सोलवटते. एक सुटा, कोरडा हार्नेस डिक्कीत असलेला बरा. गाडीत एसी चालू ठेवा पण बाहेरची हवा आत घ्या, म्हणजे काचा धूसर होत नाहीत आणि वासही बसत नाही. झोत मात्र कुत्र्याच्या अंगावर नको.

डबक्यांबद्दल थोडं कडक बोलावं लागेल. साचलेल्या पाण्यात उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात. हा आजार कुत्र्याचं यकृत आणि मूत्रपिंड बिघडवतो आणि माणसालाही होतो. पिल्लांच्या नेहमीच्या एकत्रित लशीत याचा भाग असतोच असं नाही, आणि असला तरी दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो. लशीचं कार्ड काढून बघा, डॉक्टरांना थेट विचारा. सहलीहून आल्यावर गोचीड शोधायचे ते कानामागे, गळपट्ट्याखाली आणि बोटांमध्ये. बारीक चिमट्यानं कातडीलगत पकडून सरळ ओढायचं. रॉकेल किंवा काडेपेटी हे उपाय आजोबांच्या काळापासून चालत आलेत, पण ते करू नका.

आणि पातालपानी. जुलै २०११ मध्ये तिथे वरून अचानक लोंढा आला आणि सहलीला आलेली माणसं वाहून गेली. वर डोंगरात पाऊस पडला की खाली कोरड्या दगडांवर उभ्या असलेल्यांना तो कळत नाही. धबधब्याच्या पात्रात कुत्र्याला मोकळं सोडू नका, कारण तो घसरला की त्याच्यामागे माणूस उतरतो. लांब दोरी, तीही हार्नेसला बांधलेली, गळपट्ट्याला नाही.

गाडीत बसवायची जागा मागची सीट. पुढच्या सीटसमोर एअरबॅग असते, तिथे नको. हार्नेसचा पट्टा सीटबेल्टच्या खाचेत अडकवायचा, लांबी एवढीच की बसता-झोपता येईल. निघण्याआधी तीन-चार तास पोटभर खायला नको; घाटात उलटी होण्याचं ते मोठं कारण. पिल्लांना मोठ्या कुत्र्यांपेक्षा जास्त त्रास होतो, कारण त्यांच्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा अजून पक्की झालेली नसते. माणसांच्या उलटीच्या गोळ्या अंदाजानं देऊ नका. वाटेत थांबून पोहे घेतले तर ते कुत्र्याला नाहीत, भिया! वर भुरभुरलेला कच्चा कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो, आणि जीरावन (पोह्यांवरचा इंदुरी मसाला) नि शेव त्याच्या पोटाला झेपत नाही. पाणी मात्र भरपूर: दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिली, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला लिटर-सव्वा लिटर, आणि दर दोन तासांनी थांबा.

पाण्याचं भांडं चालत्या गाडीत उघडं ठेवू नये, ते वेगळ्याच कारणासाठी. पुढच्या सीटखाली पिवळ्या रंगाचे वायरचे जोड असतात, ते एअरबॅग आणि सीटबेल्टचे. तिथला गालिचा भिजून तसाच राहिला तर महिन्याभरानं डॅशबोर्डावर एअरबॅगचा दिवा लागतो आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. गालिचा उचलून खालचा फोम कोरडा करा. तो जोड स्वतः ओढून बघायला जाऊ नका. ‘पाचच मिनिटांत येतो’ म्हणून कुत्र्याला बंद गाडीत सोडणं तर नाहीच. बाहेर ३० अंश आणि ऊन असेल तर दहा मिनिटांत आत ४० च्या आसपास जातं. काच बोटभर उघडी ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो, आणि गरम, दमट हवेत ते जमत नाही.

मुक्कामाला किंवा घरी पोचलात की मग फोन. तांदळाचं काय? आपल्याकडे फोन भिजला की पहिल्यांदा तांदळाचा डबा उघडतो. तांदूळ फोनच्या आतली ओल काही ओढून घेत नाही, उलट त्याची पूड आणि कण चार्जिंगच्या तोंडात जाऊन बसतात. ॲपलनं तर २०२४ मध्ये तांदळात ठेवू नका असं स्पष्ट लिहिलं. पंख्यासमोर ठेवणं तांदळापेक्षा बरं, पण जुलैच्या इंदूरमध्ये हवाच ओली असते, तेव्हा पंख्याला जास्त वेळ लागतो. चांगला उपाय म्हणजे घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात पावशेर सिलिका जेल. फोन वर, चार्जिंगचं तोंड खालच्या बाजूला, ४८ तास. घरात कुत्रा असेल तर निळे दाणे घेऊ नका, त्यात कोबाल्टचं संयुग असतं. नारिंगी किंवा पांढरे घ्या. नारिंगी दाण्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तास-दोन तास तापवले की पुन्हा वापरता येतात. हेअर ड्रायर नको. त्यानं गोंद सुटतो, बॅटरी तापते आणि वाफ आत ढकलली जाते.

‘माझा फोन तर आयपी ६८ आहे’ असं म्हणणाऱ्यांसाठी: आयपी म्हणजे फोन धूळ-पाणी किती रोखतो त्याचा आकडा. आयपी ६७ म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात ३० मिनिटं, आयपी ६८ म्हणजे कंपनीनं सांगितलेली त्याहून जास्त खोली. ही चाचणी नव्या फोनची, स्थिर पाण्यात. सील वयानं सुटतं, आणि एकदा बाहेर स्क्रीन बदलली असेल तर तो आकडा विसरा. सील शाबूत असलेला असा फोन चहात किंवा गढूळ पाण्यात पडला तर बंद करून नळाच्या स्वच्छ पाण्यानं वरून धुणं योग्य, कारण साखर आणि माती वाळल्यावर जास्त नुकसान करतात. सील नसलेल्या फोनला हे करायचं नाही.

पॉवर बँक आतपर्यंत भिजली असेल तर वाळवून वापरायची नाही. कोरडी दिसली तरी चार्जिंगला लावल्यावर पेट घेऊ शकते, ई-कचऱ्यात द्या. लॅपटॉपवर कुत्र्याचं भांडं सांडलं तर चार्जर काढा, बटण दाबून धरून बंद करा, आणि उघडा लॅपटॉप टेबलाच्या कडेवर उलटा तंबूसारखा ठेवा, कीबोर्ड खाली. पाणी कीबोर्डमधूनच परत यायला हवं, मदरबोर्डाकडे जायला नको.

गाडीची रिमोट चावी भिजली तर तिचं काम घरी होतं. नखानं किंवा नाण्यानं खाच उघडा, सेल काढा (बहुतेकांत ३ व्होल्टचा सीआर २०३२ असतो), बोर्डावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकून मऊ टूथब्रशनं घासा, रात्रभर वाळवा, नवा सेल घाला. ७० टक्क्यांचं सॅनिटायझरवालं चालत नाही, उरलेलं बहुतेक पाणीच असतं. हे काम करताना कुत्रा खोलीत नको. बटण सेल गिळला तर अन्ननलिकेत अडकून आतून जाळतो. गिळल्याची शंका जरी आली तरी घरी उलटी करवू नका, थेट एक्स-रे असलेल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे जा. इंदूरजवळच्या महूच्या बाजूला असाल तर तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

४८ तासांनी फोन लागला तरी पहिलं काम बॅकअप. मग चार्जिंग, आणि ‘पाणी आहे’ असा इशारा आला तर तो डावलू नका. घाई असेल तर कोरड्या पाठीवर वायरलेस चार्जर चालतो. लागलाच नाही तर इंदूरच्या जेल रोडवर दुरुस्तीला नेताना तीन गोष्टी विचारा: उघडल्यावर पहिल्यांदा बॅटरीची वायर काढणार का, बोर्ड अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिलहरींनी मळ सोडवणारं यंत्र) आणि अल्कोहोलनं धुणार का, आणि बोर्डावरची धातूची झाकणं काढून आत बघणार का. ‘ब्लोअर मारून देतो’ एवढंच उत्तर मिळालं तर फोन परत घ्या. आणि मागचं कव्हर किंचित उचललेलं दिसलं तर ती बॅटरी फुगलेली आहे. दाबायची नाही, चार्ज करायची नाही, पहिल्यांदा तीच बदलून घ्यायची.